पोळ्याच्या दिवशी जुंपलेली जोडी

पांढुर्ण्याच्या बाजारात दोर, वेसणी आणि घुंगरमाळा विकणारं एक दुकान आहे. त्या दुकानाच्या माडीवर मोबाइलचे गेम बनवणारी कंपनी आहे, हे सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही आणि सांगितलं तरी पटत नाही. 'गजराज गेम्स' अशी पाटी जिन्यात लावलेली आहे, पण तिच्यापुढे घुंगरमाळा टांगलेल्या असतात. दुकान बापाचं, माडी गजेंद्रची. "खाली खऱ्या बैलाचं सामान, वर खोटे बैल," अशी त्याची माय शकुबाई गिऱ्हाइकांना ओळख करून द्यायची. गिऱ्हाईक वर बघायचं, मान हलवायचं आणि वेसण घेऊन निघून जायचं.

गजेंद्रनं आयुष्यात एकच गोष्ट स्वतःच्या डोक्यातून काढली होती, पण ती अशी निघाली की पुढे डोक्याला काम उरलं नाही. बैलांच्या शर्यती, म्हणजे आपले शंकरपट, कोर्टात अडकून बंद पडले होते तेव्हाची गोष्ट. शौकीन लोक पान खाऊन नुसते बसायचे. गजेंद्रनं मोबाइलवर 'शंकरपट' काढला. अंगठा दाबत राहायचा, जोडी पळत राहते. मागून बोरगावच्या भिवाजीचा आवाज. भिवाजी म्हणजे जुना पटाचा माणूस; त्याची हाक ऐकून म्हातारा बैलसुद्धा कान टवकारायचा म्हणतात. झालं! सौंसरपासून पार वर्ध्यापर्यंत लोकांचे अंगठे चालू झाले. बैल बिचारे गोठ्यात रवंथ करत होते आणि मालक अंगठ्याला तेल लावत होते.

मग दुसरा भाग आला. त्यात नवीन काय, तर हाकणाऱ्यांना फेटे. तिसऱ्यात पाऊस. चौथ्यात पाऊस काढून टाकला आणि 'जनतेच्या आग्रहास्तव ऊन परत' अशी जाहिरात केली. पाचव्यात डाव्या अंगाचं कडुनिंबाचं झाड उजव्या अंगाला गेलं. चित्रं काढणारा रोशन हुशार पोरगा. पण गेली तीन वर्षं तो पांढऱ्या जोडीला तांबडा आणि तांबड्या जोडीला पांढरा रंग देत होता, आणि मधल्या काळात लग्न करून मोकळा झाला होता. भिवाजीची हाक मात्र पहिल्या भागात भरली तीच. त्या हाकेनंतर भिवाजीचे समोरचे दात गेले, आवाज बदलला. गेममधला भिवाजी अजून दातासकट ओरडत होता.

"लोकाईले तेच पाहिजे," गजेंद्र म्हणायचा. "माय सनाले पुरनपोळीच करते न? दरसाली काही नवीन करते का?"

"पुरन दरसाली नवीन शिजवतो रे बाप्पा," शकुबाई खालून ओरडायची. "मागच्या सालचं नाही वाढत."

पण मधल्या काळात शंकरपटांना कोर्टाची परवानगी मिळाली. धुरळा उडायला लागला, खऱ्या भिवाजीला खरी बोलावणी यायला लागली, आणि मोबाइलवरच्या जोडीकडे पाहायला कुणाला सवड राहिली नाही. खरे बैल सुटले आणि खोटे हळूहळू बसले.

आता बसलेल्या बैलाची गोष्ट निघालीच आहे तर प्रणालीचं सांगायला हवं.

प्रणाली सौंसरची. रोज बसनं पांढुर्ण्याला यायची आणि बसमध्येच तिचं स्वतःचं काम चालायचं. बैल पळवायचा कसा ते संगणकाला समजावून सांगणारी कंपनीत ती एकटीच. बाकी सगळे रंग, पाटी आणि चहा. एकदा बोरगाव फाट्यावर एक बैल भर रस्त्यात बसला होता आणि तिची बस अडकली. बैल सुटा, मालकाचा पत्ता नाही. बसमधला प्रत्येक माणूस उतरला आणि त्यानं सल्ला दिला. त्यावरून तिनं एक गेम रचला होता. नाव 'बैल बसला'. सौंसरच्या बसस्टँडपुढे बैल बसलाय. मागे नागपूरची बस, तिच्या मागे छिंदवाड्याची. तुम्ही त्याला उठवायचं. संत्रेवाला म्हणतो फोडी द्या, मास्तर म्हणतो पाणी मारा, शिपाई शिट्टी फुंकतो. शेपूट पिरगाळली तर बैल तुमच्याकडे एकदा बघतो आणि पाय आणखी पोटाखाली घेतो, खेळ खलास.

गजेंद्रनं तो एकदा खेळून पाहिला होता. थोडा वेळ टकटक केलं आणि फोन तिच्या हातात दिला.

"हँग झाला हा."

"हँग नाही दादा. बैल बसला हाय."

"मंग उठते कधी?"

"ते तुम्ही शोधा न. तेच त हाय त्याच्यात."

"प्रणाली, बैल पळाला पाहिजे. बसलेला बैल लोकं घरी पाह्यतेच. त्याच्यासाठी डाटा कोन जाळीन?" मग तिचं तोंड पाहून तो नेहमीचं वाक्य म्हणाला, "हा भाग निघू दे. मंग तुहंच."

हे वाक्य त्यानं चौथ्या भागाला म्हटलं होतं. पाचव्यालाही म्हटलं होतं. त्या वाक्याचाही हा तिसरा भाग होता.

या वेळी मात्र प्रणालीनं सरळ सांगितलं, "दादा, पुण्याच्या कंपनीतून बोलावनं आलं मले. पोळ्यापर्यंत थांबतो म्हटलं त्याईले. सहावा भाग करून देतो. पोळ्याच्या दिवशी सांगा, माहा गेम काढता का नाही. नाही म्हनसान त मी चालली."

"पुन्यात काय करसीन?"

"त्याईच्या एका गेमचा अकरावा भाग हाय."

"म्हंजे तिथीबी तेच!"

"तेच. पन तिथी मले कोनी 'मंग तुहंच' म्हनत नाही."

प्रणाली गेली तर बैलाला पाय कोण हलवायला लावणार? रोशनचे बैल सुंदर होते, पण एका जागी उभे होते. त्यात नागपूरच्या हिमानी मॅडम यायच्या होत्या. त्यांची कंपनी लहान कंपन्यांचे गेम मोठ्या बाजारात नेऊन विकायची. सहावा भाग लोकांनी उचलून धरला तर सातवा, आठवा आणि नववा एकदम घ्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. नाहीतर माडीला कुलूप लावून खाली वेसणी विकायला बसायचं. गजेंद्रला वेसणीची भीती नव्हती. माय रोज काय काय ऐकवेल, याची होती.

तेव्हा त्यानं डोकं चालवलं. बऱ्याच वर्षांनी चालवल्यामुळे ते जरा कुरकुरलं. बैलांचा गेम, बैलांचा सण. सहावा भाग पोळ्याच्या दिवशीच काढायचा! पांढुर्ण्यात नको, कारण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारायची तिथली जुनी रीत. गाव त्या तयारीत असतं. सौंसरला काढायचा. तोरणाच्या मैदानात, जिथे सगळ्या जोड्या उभ्या राहतात तिथेच, टेम्पोवर लग्नातला मोठा पडदा लावायचा. पहिला अंगठा भिवाजीचा. बैल, शौकीन, गर्दी, सगळं एका जागी. गजेंद्रला स्वतःच्या हुशारीचा इतका उमाळा आला की त्यानं रोशनला सांगून या भागात आणखी एक नवी गोष्ट घातली: बैलांच्या शिंगांना बेगड.

ही योजना त्यानं रोशनला सांगितली, टेम्पोवाल्याला सांगितली, हिमानी मॅडमला सांगितली. त्यांनी 'वा, फेस्टिव्ह रिलीज!' म्हणून मान डोलावली. प्रणाली त्या दिवसांत मान खाली घालून काम करत होती आणि पोळ्याच्या पुढे तिला काही दिसत नव्हतं. मायला सांगायचं मात्र राहून गेलं, आणि तीच एक बाई दुकानात बसून रोज खऱ्या बैलवाल्यांशी बोलत होती.

पोळ्याला तिसऱ्या प्रहरी सौंसरचं मैदान भरलं. न्हाऊनमाखून, झुली पांघरून, शिंगं रंगवून जोड्या तोरणाखाली उभ्या होत्या. आदल्या संध्याकाळी घरोघरी त्यांचे खांदे तुपाहळदीनं शेकले होते. हळद अजून मानेवर पिवळी होती. वर्षभर ज्या खांद्यावर जू, त्या खांद्याला आज सुट्टी.

टेम्पोवर पडदा उजळला. गजेंद्र कुर्ता घालून माइकपाशी. शकुबाई नैवेद्याचं ताट घेऊन पुढच्या रांगेत. तिचं माहेर सौंसरचं, पोळ्याला ती यायचीच. हिमानी मॅडम खुर्चीवर, मांडीवर कागदांची फाइल.

"तं मंडळी!" गजेंद्र ओरडला, "शंकरपट, भाग सहावा! अन् पहिला मान आपल्या बोरगावच्या भिवाजीबुवाईचा!"

टाळ्या पडल्या. भिवाजी धोतराचा सोगा सावरत टेम्पोवर चढला. प्रणालीनं त्याच्या हातात फोन दिला. मोठ्या पडद्यावर शिंगाला बेगड लावलेली पांढरी जोडी आली. सजलेली, झूल घातलेली. आणि छकड्याला जुंपलेली. खाली अक्षरं लुकलुकली: 'हाकण्यासाठी दाबा.'

भिवाजीनं पडद्याकडे पाहिलं. मग तोरणाखालच्या जोड्यांकडे. मग पुन्हा पडद्याकडे.

"आज?" तो म्हणाला.

"हाव बुवा, आज! दाबा न अंगठा."

"गजू, आज पोळा हाय."

"म्हनून त आज काढला!"

"अबे, पोळ्याच्या दिवशी कोनी जुंपते का बे?"

मैदान गप्प झालं. एवढ्या माणसांत फक्त घुंगरांचा आवाज. गजेंद्रच्या तोंडाचा आ तसाच राहिला. दुकानात जन्म गेला त्याचा. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, हे त्याला कुणी शिकवलंही नसेल, इतकं ते माहीत असलेलं. पण सहा भाग काढता काढता पडद्यावरचा बैल हा बैल आहे, हेच त्याच्या ध्यानातून गेलं होतं.

"बुवा, हा खरा नाही न. मोबाइलचा हाय."

"मंग आवाज कोनाचा भरला त्याच्यात? माहाच न? आज माह्या आवाजानं बैल हाकू मी? घे बाबा तुहा फोन." भिवाजीनं फोन निखाऱ्यासारखा टेबलावर ठेवला आणि खाली उतरला.

गजेंद्रनं गर्दीकडे पाहिलं. "कोनी येता का? पोट्टेहो? चला, पहिल्या येनाऱ्याले टोपी!"

एक पोरगं पुढे सरकलं, त्याच्या मायनं त्याची कॉलर धरून मागे ओढलं. शकुबाईनं ताटावरचं फडकं नीट केलं आणि पोराकडे असं पाहिलं की त्याला माइक खाली ठेवावासा वाटला. पोळ्याला झडत्या म्हणायची रीत आहे, म्हणजे एकानं तुकबंदी फेकायची आणि बाकीच्यांनी महादेवाचा गजर करायचा. मागून कुणीतरी हात वर करून फेकलीच:

"पांढुर्ण्याचा गजू आला, कुर्ता घालून नवा,
सनाच्या दिवशी बैल जुंपला, म्हने भाग सहावा!
बैल म्हने रे धन्या माह्या, एक दिस त सोड,
वर्सभराचा खांदा मोडला, तुह्या अंगठ्याले खोड!"

"हर हर महादेव!" मैदान गरजलं. आतापर्यंत गप्प असलेले सगळे हसायला लागले, आणि ते हसणं गप्प राहण्यापेक्षा वाईट होतं.

"काय झालं? नेटवर्क गेलं का?" हिमानी मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम," रोशन म्हणाला, "सुट्टी हाय. बैलाची."

मॅडमनी फाइल बंद केली. गजेंद्रला त्या बंद होण्याचा आवाज घुंगरांपेक्षा मोठा वाटला. त्यानं वळून प्रणालीकडे पाहिलं. तिनं पडद्याची वायर स्वतःच्या फोनला लावली. जुंपलेली जोडी गेली. सौंसरचं बसस्टँड आलं. नागपूरची बस, छिंदवाड्याची बस, आणि त्यांच्यापुढे, रस्त्याच्या मधोमध, हळद लावलेल्या खांद्याचा एक सुटा बैल. बसलेला.

"अरे, हा त आपला स्टँड हाय!" कुणीतरी ओरडलं.

"याले उठवाचं हाय," प्रणाली माइकवर म्हणाली. "जुंपाचं नाही. फक्त उठवाचं."

पुढे काय झालं ते लिहून काढणं कठीण, कारण सगळे एकदम बोलले. "चारा दे त्याले!" "अवं, पानी पाज पहिले!" "गळ्याखाली खाजव, गळ्याखाली!" "नागपूरची बस मांगं घ्या म्हना!" फोन एका हातातून दुसऱ्या हातात फिरला. भिवाजी परत टेम्पोवर चढला आणि मोठ्या मानानं त्यानं बैलाला कडबा घातला. बैलानं कडबा खाल्ला आणि डोळे मिटले. "पोट भरलं न त्याचं, आता कायचा उठते!" खालून एकजण म्हणाला. "मंग तू ये!" भिवाजी म्हणाला. एका तरुण पाटलानं शेपूट पिरगाळली, बैलानं त्याच्याकडे असं बघितलं की अख्खं मैदान "हाऽऽड!" करून पाटलावर धावलं. पाटील अजून त्या गावात मान खाली घालून फिरतो म्हणतात. मी खात्री केलेली नाही.

प्रणालीनं खेळ पुन्हा पहिल्यापासून लावला, आणि शेवटी भांडण लागलं. कडबेवाले एकीकडे, पाणीवाले एकीकडे, आणि फोन टेबलावर नुसता पडून राहिला. कुणी त्याला हात लावला नाही, कारण सगळ्यांचे हात एकमेकांच्या तोंडापुढे होते. तेवढ्यात शकुबाई ओरडली, "उठला वं माय! उठला!"

सगळे वळले. पडद्यावरचा बैल उभा होता. त्यानं अंग झटकलं, बसड्रायव्हरकडे एक नजर टाकली आणि आपल्या वाटेनं निघून गेला. बसगाड्यांनी हॉर्न वाजवला. मैदानानं असा गजर केला की तोरणाखालचे खरे बैल बिचकले.

"म्या म्हटलंच होतं, पानी!" "कशाचं पानी, कडब्यानं उठला!" ज्यांनी फोनला बोटही लावलं नव्हतं तेही बैल आपणच उठवला म्हणून एकमेकांच्या पाठीवर थाप मारत होते. आणि लगेच जो तो स्वतःच्या फोनवर हा गेम कुठे मिळेल ते विचारायला लागला.

हिमानी मॅडम खुर्चीवरून उठल्या होत्या. डोळे चमकत होते. "गजेंद्रजी, हे काहीतरी वेगळंच आहे! मी असं पाहिलंच नाही कुठे. असं काही तर बाजारात नाहीच!" फाइल उघडली. "आपण लगेच करू. 'बैल बसला' एक, दोन, तीन. दुसऱ्यात तो नागपूरला बसेल, तिसऱ्यात पुण्याला. चौथ्यात दोन बैल!"

गजेंद्रचा हात पेनाकडे गेला. वर्षानुवर्षांची सवय, आकडा ऐकला की हात आपोआप जायचा.

"दादा," प्रणाली म्हणाली, "बैल एकदा बसला. एकदा उठला. घरी गेला. आता तो कायले बसंन?"

"लोकं म्हनतीन तर बसंन."

"मंग बसवा तुम्ही. मी उद्या पुन्याले फोन करतो."

गजेंद्रनं पेन पाहिलं. प्रणालीला पाहिलं. आणि मग काय झालं ते त्याचं त्यालाही कळलं नाही. तो टेम्पोच्या फळीवर खाली बसला. मांडी घालून, हात पोटाशी घेऊन.

"काय झालं रे?" रोशननं विचारलं. उत्तर नाही.

"सही फक्त इथे आणि इथे," मॅडम म्हणाल्या. उत्तर नाही. "तिसरा भाग काढून टाकते, दोनच ठेवू?" तेही नाही. कुणी पाणी आणलं. त्यानं प्यायलं आणि बसून राहिला. भिवाजी म्हणाला, "पोट रिकामं असन," आणि शकुबाईनं ताटातली पुरणपोळी पुढे केली. ती त्यानं खाल्ली, तूप लावून दुसरी खाल्ली, आणि डोळे मिटले. मग मायनं त्याचा कान धरला. "उठ रे, चारचौघात काय लावलं हे?" कान पिरगाळल्याबरोबर त्यानं पाय आणखी आत घेतले.

"कान सोडा मावशी," खालून तो पाटीलच ओरडला, "खेळ खलास होते!"

पोळा फुटला. जोड्या घरोघरी नैवेद्याला निघाल्या, त्यांच्यामागे लोकं. सल्ले संपले. शकुबाई भावाच्या घरी गेली, मॅडम आपल्या गाडीत जाऊन बसल्या, रोशन वायरी गुंडाळायला लागला. प्रणाली आली आणि त्याच्या बाजूला फळीवर बसली. काही बोलली नाही. त्याच्याकडे पाहिलंही नाही. समोर तोरणाची पानं हलत होती, तिकडे पाहत बसली.

थोड्या वेळानं गजेंद्र म्हणाला, "म्हंजे याच्यानं उठते तो? कोनी काही नाही केलं त?"

"हाव."

"मले हँग वाटला होता."

"सगळ्याईले वाटते."

गजेंद्र उठला. अंग झटकलं, कुर्ता सारखा केला आणि गाडीपाशी जाऊन मॅडमना म्हणाला, "एकच काढू मॅडम. आकडा नाही लावाचा. वरती नाव तिचं. घ्याचा त असा घ्या." मॅडमनी बरंच समजावलं, फ्रँचायझी म्हणजे काय, एकाच गेमवर कंपनी कशी उभी राहत नाही, हे सगळं सांगितलं. गजेंद्रनं ते ऐकलं आणि सगळं त्याला पटलं. तरी मान हलवली नाही. शेवटी मोठा कागद फाइलीत परत गेला. "एकाचं करार-पत्र उद्या पाठवते," त्या म्हणाल्या, "कमी असेल." त्यांचं वाक्य तिथेच संपलं आणि गाडी नागपूरच्या रस्त्याला लागली.

सहावा भाग मात्र त्या वर्षी निघाला नाही. पोळ्याला जुंपलेल्या जोडीला नंतर कुणी हात लावेना. रोशननं तिचं जू पुसलं आणि ती जोडी खाली दुकानाच्या पाटीवर लावून टाकली. माडीपेक्षा तिथे तिला जास्त गिऱ्हाईक आहे.

पण हे नंतरचं. त्या संध्याकाळी टेम्पो भरताना प्रणालीनं पुण्याला 'येत नाही' असा निरोप पाठवला. गजेंद्रनं तो तिच्या खांद्यावरून वाचला, सुस्कारा सोडला, दोन वायरी उचलल्या, एक खाली ठेवली आणि हळूच म्हणाला,

"प्रणाली, नुसतं विचारून राहिलो हं. म्हैस बसली त?"

"दादा."

"म्हैस म्हंजे दुसरा भाग नाही व. म्हैस वेगळं जनावर हाय."

"म्हैस बसत नाही दादा. म्हैस लोळते."

गजेंद्र जागच्या जागी थांबला. हातातली वायर सुटली. चेहऱ्यावर तेच तेज आलं, जे पट बंद असताना पहिल्यांदा आलं होतं.

"'म्हैस लोळली'!" तो म्हणाला. "पाह्य! याच्यात आकडा कुठी हाय?"